बाजूची सीट

दुसऱ्या घावाला कुलूप कोयंड्यासकट निखळून खाली पडलं. थोरल्याने चाकं खोलायचा लोखंडी पाना डाव्या हातात घेतला, उजवं मनगट दोनदा झटकलं आणि गॅरेजची दोन्ही दारं लाथेने आत ढकलली.

“किल्ली आईकडे होती, दादा,” धाकटा मागून म्हणाला. “मागितली असतीस तर दिली असती तिने.”

“मागायची सवय नाही मला.”

हे मात्र खरं होतं. मिसरूड फुटतं न फुटतं तोच हा माणूस घर सोडून गेला, तोही काही न मागता, अंगावरच्या कपड्यांनिशी. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांतून कधीतरी पाहुण्यासारखा यायचा, खुर्चीच्या टोकावर बसायचा आणि चहा निवायच्या आत उठायचा. आता डोक्यावरचे केस पांढरे झाले, एक खांदा कायमचा आखडला, पण सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही. बाबांना पोचवायला आला होता तो स्मशानातूनच परत गेला. आज पुन्हा आला, तो तडक गॅरेजपाशी. घरात आई आहे, आधी तिला भेटावं, हे त्याच्या मनातही आलं नाही.

बोलावलं होतं धाकट्यानेच. शेवटच्या आठवड्यात बाबांचं डोकं एका सकाळी अचानक ताळ्यावर आलं होतं. आरशात बघून दाढी नीट झाली नाही म्हणून त्यांनी धाकट्याला झापलं आणि मग म्हणाले, “गाड्या दोन, तुम्ही दोघं. तुमचं तुम्ही ठरवा.” दुपारी पुन्हा त्यांना स्वतःचं नाव आठवेना. पण तेवढं बोलणं धाकट्याने दादाला फोनवर शब्दाला शब्द सांगितलं.  दादा एवढंच म्हणाला, “येतो.”

तुलना रीतसर व्हावी, नंतर कुणी कुणाला नावं ठेवू नयेत, म्हणून धाकट्याने ओळखीचा मिस्त्री आणला होता. मिस्त्री गोल पोटाचा, बोलघेवडा. गाडीपेक्षा गाडीविषयी बोलण्यात त्याचा जीव जास्त रमायचा. मोडलेलं कुलूप त्याने पायाने बाजूला सारलं आणि अशा घरात आपण कशाला आलो, असा चेहरा करून आत शिरला.

आत दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. अलीकडे काळी सेडान, बाबांचे गुडघे गेल्यावर घेतलेली, अजून नव्या बुटासारखा वास येणारी. पलीकडे कापडाखाली जुनी. धाकट्याने कापड ओढलं. तांबडी, दोन सीटांची, लांब नाकाची स्पोर्ट्स कार जमिनीला पोट लावून बसली होती. बाबांनी तिला कुणाचा हात लागू दिला नव्हता. धुणं, पुसणं, तेल बदलणं, बिघडली तर सगळी खोलून पुन्हा जोडणं, सारं स्वतः. आईने घरातली प्रत्येक वस्तू पुसली होती, ही कधी पुसली नव्हती.

मिस्त्रीने आधी सेडानचं बटण दाबलं. गाडी सुरू झाली की नाही ते कळायला त्याला बॉनेटवर हात ठेवावा लागला.

“बघा साहेब, ही अशी,” तो म्हणाला. “हिच्यात बसलं की बाहेर ऊन आहे की पाऊस, पत्ता लागत नाही. खड्डा आला तर गाडीला कळतो, माणसाला नाही. आपल्याला घेऊन जाते ती, आपण हिला चालवत नाही.”

मग भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली जुन्या गाडीची किल्ली त्याने घेतली, सोबत आणलेली बॅटरी जोडली आणि वाकत, कण्हत, पोट आवरत आत बसला. गाडी खोकली, विझली, पुन्हा खोकली. मग एकदम पेटली. फळीवरचा तेलाचा डबा गडगडत खाली आला. पेट्रोलचा जुना, कडवट वास सगळीकडे भरला. दोघे भाऊ एकाच वेळी एकेक पाऊल मागे सरले. मिस्त्रीला ते दिसलं नाही, तो खुशीत होता.

“आणि ही अशी!” तो इंजिनाच्या वर ओरडला. “हिच्यात रस्त्यावरचा खडा केवढा आहे ते बुडाला कळतं. ब्रेक म्हणाल तर नुसती विनंती. पण पळेल मात्र अशी, की जीव मुठीत!”

“बंद करा,” थोरला म्हणाला.

मिस्त्रीने बंद केली, किल्ली धाकट्याच्या हातात दिली आणि दारं तपासायला लागला. ती त्याची पद्धतच होती. इंजिन काय कुणीही ऐकतो, गाडीचं वय दारात कळतं, असं तो म्हणायचा. स्टिअरिंगच्या बाजूचं दार चोख निघालं. बाजूच्या सीटचं दार बाहेरून उघडलं, पण आतलं हँडल नुसतं सैल फिरलं. त्याने खिशातून टॉर्च काढला, दाराच्या फटीत उजेड टाकला आणि भुवया वर केल्या.

“गंमतच आहे. मोडलेलं नाहीये हे. आतली तार काढून ठेवलीय. चांगली स्क्रू खोलून, नीट. आत बसलेल्या माणसाला हे दार उघडता यायचं नाही.”

“बाबा जोडायला विसरले असतील,” धाकटा म्हणाला.

 थोरल्याने पाना या हातातून त्या हातात घेतला.

“आणि तुमच्या त्या मोठीचंही मागचं दार आतून उघडत नव्हतं,” मिस्त्री हसला. “म्हटलं नव्या गाडीला काय धाड भरली? बघतो तर चाइल्ड लॉक. घरात लहान मूल आहे का कोणी?”

“बाबांसाठी लावलं होतं.”

तीन वर्षं धाकट्याने बाबांना सेडानमधून दवाखान्यात नेलं आणि आणलं. डोकं गेलं तरी बाबांचा तोरा गेला नव्हता. पुढे, धाकट्याच्या शेजारी ते कधी बसले नाहीत. मागे बसायचे, मालकासारखे. गाडीने वेग घेतला की मात्र त्यांना काय व्हायचं कोण जाणे, ते हँडल ओढायला लागायचे. टक. टक. टक. आणि “थांब, थांब” म्हणायचे. आरशात त्यांच्या तोंडाचा आ झालेला दिसायचा. पहिले काही दिवस धाकट्याने समजूत घातली, मग रेडिओ मोठा करायला शिकला. वेड्या माणसाच्या सांगण्यावर भर रस्त्यात थांबलो तर घरी पोचायचो कधी, असं तो आईला म्हणायचा.

बाबा त्याच्या शेजारी बसले नाहीत ते नाहीतच. ती खंत त्याला जुनीच होती, या तांबड्या गाडीइतकी.

रविवारी सकाळी बाबा तिला अंगणात काढायचे. इंजिन चालू, एक हात गिअरवर, नजर आरशात. सीट एक आणि पोरं दोन. “तुमचं तुम्ही ठरवा,” म्हणायचे. अगदी पहिल्या रविवारी भावांनी शहाण्यासारखा छापा-काटा केला होता. बाबांनी इंजिन बंद केलं. “असं ठरत नसतं,” म्हणाले आणि गाडी पुन्हा आत नेऊन लावली. पुढच्या रविवारपर्यंत कसं ठरत असतं ते दोघांनाही उमगलं होतं.

थोरला तीन वर्षांनी मोठा, अंगानेही थोराड. धाकट्याचा ओठ फुटला तो त्या अंगणात, दुधाचा शेवटचा दात पडला तोही तिथेच, डाव्या भुवईत आजवर केस येत नाहीत ते तिथल्याच फरशीमुळे. आणि दादा मारायचा तो कामापुरता नाही. धाकटा पडल्यावरही मारायचा. पुन्हा उठायचं बळच राहू नये, असं मारायचा. शेवटी बाबा मान न वळवता विचारायचे, “ठरलं?” जो उभा असेल तो जाऊन बसायचा. एकदा दादाला सणकून ताप होता. धाकट्याला वाटलं, आज आपला रविवार. तो नवा शर्ट घालून गाडीपर्यंत पोचलाही होता. तेवढ्यात दादा भिंत धरत धरत अंगणात आला, डोळे तांबारलेले, आणि त्याने कुंडीखालची वीट उचलून धाकट्याच्या गुडघ्यावर घातली. तापातसुद्धा याला सीट सोडवत नाही, हे धाकटा त्या दिवशी शिकला आणि पुढे कधी विसरला नाही.

घरी आलेल्या प्रत्येकाला बाबा सांगायचे, “मी माझ्या मुलांवर आजवर हात उचललेला नाही.” आणि ते अक्षरशः खरं होतं.

जिंकलेला बाबांबरोबर जायचा आणि हरलेला आईच्या वाट्याला यायचा. आई मागच्या दारातून कोमट पाण्याचं पातेलं आणि जुना टॉवेल घेऊन यायची. “हलू नकोस,” एवढंच म्हणायची आणि हलक्या हाताने रक्त टिपायची. त्या हाताला कांद्याचा आणि साबणाचा वास असायचा. दादा संध्याकाळी परत यायचा, न जेवता झोपायचा. त्याची पँट आई वेगळी धुवायची, पेट्रोलचा वास लागतो म्हणून. पेट्रोलच्या त्या वासाचाही धाकट्याला हेवा वाटायचा.

दादा घर सोडून गेला त्या आठवड्यात धाकटा रविवारी उजाडायच्या आत अंगणात जाऊन उभा राहिला. आता भांडायला कोणी नव्हतं. बाबांनी गाडी काढली, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि एकटेच निघून गेले. तो पुढच्या रविवारी उभा राहिला, त्याच्याही पुढच्या. एकट्याला जिंकता येत नाही, हे समजायला त्याला वर्ष लागलं.

“मग साहेब,” मिस्त्री हात पुसत म्हणाला, “माझं मत विचाराल तर ही म्हणजे सरकारी पाहुणा आणि ती म्हणजे घरातला वेडा. कुणाला काय झेपतं, तुम्ही बघा.”

धाकट्याने घसा साफ केला. हे वाक्य त्याने कितीतरी दिवस मनाशी घोळवलं होतं.

“दादा, तू थोरला आहेस. मोठी तू घे. नवी आहे, तुझ्या खांद्यालाही बरी. मला जुनी दे.”

“मोठी तुलाच राहू दे,” थोरला म्हणाला. “मला ही हवी.”

“तुला कशाला? तू तर हिच्याकडे बघतसुद्धा नाहीस. चालवणार आहेस का?”

“नाही.”

“मग?”

 थोरला गाडीच्या पुढे गेला, दोन पाय फाकून उभा राहिला आणि पाना डोक्यावरून फिरवून डाव्या हेडलाइटवर घातला. काच फुटायचा आवाज गॅरेजच्या पत्र्याला लागून परत आला. दुसरा घाव बॉनेटवर बसला, पत्रा आत गेला आणि तांबड्या रंगाचे पापुद्रे उडाले.

“अहो साहेब,” मिस्त्री हात पुढे करून धावला, “गाडीने काय घोडं मारलंय—”

थोरल्याचं कोपर त्याच्या छातीत बसलं. मिस्त्री मागच्या मागे सेडानवर आदळला, श्वास आल्यावर त्याने दोघांकडे पाहिलं आणि भाऊबंदकीत पडणारा आधी मरतो, असं काहीसं पुटपुटत दारातून निघून गेला. आपली बॅटरीही तो मागेच विसरला.

तिसऱ्या घावासाठी पाना वर गेला तेव्हा धाकट्याने त्या हातावर झेप घेतली.

दोघंही पोक्त माणसं, एकाचे गुडघे वाजणारे, एकाचा खांदा आखडलेला. पण अंगणातलं सगळं शिक्षण अंगात तसंच होतं. थोरल्याने डोकं धाकट्याच्या नाकावर आपटलं. नाकातलं काहीतरी वाळक्या काटकीसारखं मोडलं आणि तोंडात कोमट रक्त उतरलं. धाकट्याने हात सोडला नाही. दोघे फळीवर आदळले, खिळ्यांचे, नटांचे डबे अंगावर रिकामे झाले. थोरल्याने पाना त्याच्या बरगडीत खुपसला, एकदा, दोनदा. धाकट्याने त्याच्या मनगटाचा चावा घेतला, लहानपणी घ्यायचा तसाच, आणि पाना खाली पडला.

“तीन वर्षं,” धाकटा धापा टाकत म्हणाला. “तीन वर्षं मी त्यांना उचललं. हगलं-मुतलं काढलं. तू कुठे होतास? आणि आता तोडायला आलास?”

“बाजूला हो, छोट्या.”

“आयुष्यभर तूच बसलास. दर रविवारी तूच!”

“बाजूला हो म्हणतो ना.”

पण या वेळी एक गोष्ट वेगळी होती. तीन वर्षं बाबांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर उचलून धाकट्याच्या कमरेत बळ आलं होतं. त्याने थोरल्याला खाली वाकून काखेत धरलं, तसंच, सवयीने, आणि उचलून काँक्रीटवर टाकलं. आखडलेला खांदा आधी आपटला. थोरल्याच्या तोंडून आवाज निघाला नाही, फक्त ओठ पांढरे झाले. धाकटा त्याच्या छातीवर बसला. पहिला ठोसा त्याने ओठावर मारला, दुसरा भुवईवर. मग कुठे मारतो आहे ते त्याला कळेना. मूठ दुखायला लागली तशी त्याने उघडी चापट चालवली. आपण ओरडतो आहोत की रडतो आहोत, हेही त्याला कळत नव्हतं. समोरचा चेहरा सुजत, फुटत, ओळखीचा राहीनासा झाला तेव्हा कुठे त्याचा हात थांबला.

थोरल्याने परत मारलं नव्हतं. बऱ्याच वेळापासून मारलं नव्हतं.

धाकटा उठला. खिशात चाचपून पाहिलं, किल्ली होती. तो गाडीकडे वळला तशी थोरल्याने पडल्या पडल्या त्याचा घोटा धरला.

“त्या बाजूला नको,” तो म्हणाला. दातांच्या फटीतून रक्ताचा बुडबुडा आला. “छोट्या. त्या बाजूला बसू नकोस.”

अजूनही याला सीट सोडवत नाही, असं धाकट्याच्या डोक्यात चमकलं. त्याने दुसऱ्या पायाने त्या हातावर टाच दिली. बोटं सुटली, दोन बोटं भलत्याच कोनात वळली. मग धाकट्याने दार उघडलं, आत बसला आणि दार ओढून घेतलं.

सीट वाटली होती त्यापेक्षा खोल होती. कातडं थंड होतं. समोर लांबच लांब तांबडं बॉनेट, घावाने दबलेलं, आणि पलीकडे उघड्या दारातून दिसणारं अंगण. अंगण इथून असं दिसतं तर. त्याने बाहीने नाक पुसलं आणि किल्ली लावायला हात पुढे केला.

किल्ली लावायला पुढे काही नव्हतं. नुसती गुळगुळीत लाकडी पट्टी होती. स्टिअरिंग पलीकडे होतं, तिथली सीट रिकामी. गाडी जिंकली, किल्ली हातात आली, पळवायची तर आता अडवणारं कोणी नव्हतं, आणि हा शहाणा सवयीने येऊन बाजूच्या सीटवर बसला होता. चालवणाऱ्याची वाट बघत.

त्याला हसू आलं, पण बरगडीत कळ आली म्हणून ते अर्ध्यावरच थांबलं.

घराच्या मागच्या दारातून आई आली. वाकलेली, सावकाश, पातेल्यातलं पाणी सांडू नये म्हणून पाय जपून टाकत. खांद्यावर टॉवेल होता. तिने फुटलेली काच पाहिली, गाडीत बसलेल्या धाकट्याकडे पाहिलं, थांबली नाही. ती खाली पडलेल्यापाशी गेली आणि गुडघे धरून जमिनीवर बसली. पाणी अजून वाफाळत होतं. म्हणजे कुलूप तुटल्याचा आवाज ऐकल्या ऐकल्याच तिने ते तापायला ठेवलं असणार.

टॉवेल लागताच थोरल्याने अंग चोरलं. कुणी मारायला हात उगारल्यावर चोरतात तसं.

“हलू नकोस,” आई म्हणाली.

तो हलायचा थांबला. भुवईवरून, गालावरून, मग ओठांवरून टॉवेल फिरत राहिला आणि थोरला डोळे मिटून पडून राहिला. त्याची हनुवटी थरथरत होती. धाकट्याला तो टॉवेल कसा लागतो ते पाठ होतं, कुठे ऊब वाटते, कुठे झोंबतं. दादाला ते आज पहिल्यांदाच कळत होतं. एवढ्या वर्षांत तो एकदाही हरला नव्हता.

धाकट्याला खाली उतरावंसं वाटलं. त्याने हँडल ओढलं.

टक.

त्याने पुन्हा ओढलं. टक. टक. दार हललं नाही. मिस्त्रीचं बोलणं तेव्हा कुठे त्याच्या कानात शिरलं. त्याने खाली पाहिलं. हँडलच्या भोवती कातड्यावर बारीक ओरखडे होते, शेकडो, एकावर एक, जुने, कडा काळ्या पडलेले. नखांचे होते. सगळे खालच्या अंगाला होते, लहान मुलाचा हात पोचतो तेवढ्याच उंचीवर.

“उघडत नाही ते,” थोरला डोळे न उघडता म्हणाला. “घरी आल्यावर ते स्वतः फिरून यायचे, मग उघडायचे.”

काच दोन बोटं खाली होती. 

“खाणीच्या वरच्या रस्त्याला न्यायचे,” थोरला म्हणाला. प्रत्येक शब्दाला त्याला ओठ सोडवून घ्यावा लागत होता. “कड्याचं वळण आलं की स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढायचे. मांडीवर ठेवायचे. आणि माझ्याकडे बघत राहायचे. रस्त्याकडे नाही. माझ्याकडे.”

“कशासाठी?”

“मी ‘थांबा’ म्हणावं म्हणून.”

आईचा हात पातेल्यातल्या पाण्यात होता. तो तिथेच राहिला.

“म्हणालास?” धाकट्याने विचारलं.

“एकदाही नाही.” थोरल्याने मोडकी बोटं छातीशी घेतली. “त्यांना म्हणणारा मुलगा हवा होता. घरात कोण म्हणेल, ते मला माहीत होतं.”

अंगणातून आलेल्या वाऱ्याने दाराची एक फळी करकरली. धाकट्याने डाव्या भुवईवर, जिथे केस येत नाहीत तिथे, अंगठा ठेवला. त्याला कुंडीखालची वीट आठवली. तापाने तांबारलेले डोळे आठवले. पडल्यावरही बसणारे ठोसे आठवले, उठूच नये म्हणून मारलेले. 

पलीकडच्या बाजूने उतरता आलं असतं. गिअर ओलांडायचा, बाबांच्या सीटवर सरकायचं आणि ते दार उघडायचं. ते दार चोख होतं. पण त्या जागेवर त्याला क्षणभरही बसवेना. तो होता तिथेच बसून राहिला, हात हँडलवर.

“ते म्हणायचे,” तो म्हणाला.

“काय?”

“मोठ्या गाडीत. मागे बसून. मी मागचं दार बंद करून टाकलं होतं, चाइल्ड लॉक लावून. ते ओढत राहायचे. हा असाच आवाज यायचा, दादा. अगदी असाच. आणि ‘थांब, थांब’ म्हणायचे. रोज.”

थोरल्याने डोळे उघडले. एकच उघडला, दुसरा सुजून मिटला होता.

“मग?”

“मी थांबवली नाही.”

 आईने पाण्यातून हात काढला, पदराला पुसला आणि थोरल्याच्या पाठीखाली घातला. तो आधी कोपरावर आला, मग गुडघ्यावर, मग भिंतीच्या आधाराने उभा राहिला. काचा चुकवत, एक पाय ओढत तो गाडीपर्यंत आला. खिडकीतून दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही चेहऱ्यावर ओळख पटण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

“सरक जरा,” थोरला म्हणाला. “दार अंगावर येईल.”

त्याने धड हाताने बाहेरचं हँडल दाबलं आणि दार उघडून धरलं. धाकटा पाय बाहेर टाकून तसाच बसला, नाकातून रक्त गळत होतं. आई टॉवेल पिळून दोघांच्या समोर येऊन उभी राहिली, आणि आधी कुणाचं तोंड पुसायचं, ते तिचं तिला ठरवता येईना.